ताप नाही, मग आजार कसला?

जेलमध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा ज्या कायद्यावर कामकाज चालायचं तो १८९४ सालचा होता. तुरुंगांचा कायदा, त्या वर्षीचा नववा. इंग्रज गेले, संविधान आलं, बराकीत पंखे लागले. पण कैदी आल्या आल्या तपासायचा, पंधरवड्यातून एकदा तरी त्याचं वजन घ्यायचं, तो आजारी असल्याची वर्दी कोणी कोणाला द्यायची, हे सगळं त्याच कलमांप्रमाणे चालू होतं. नोकरीत असताना ती कलमं मी गरजेपुरती वाचली. निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि एका नादाला लागलो. हा कायदा नवा होता त्या काळात, म्हणजे साधारण १९०० ते १९२५ च्या दरम्यान, एखादा कैदी आजारी पडला तर पुढे त्याचं काय होई?

वाचायला इतकं असेल अशी कल्पना नव्हती. प्रत्येक इलाख्याच्या तुरुंग खात्याचा वार्षिक अहवाल छापला जाई. रोजची सरासरी कैदीसंख्या, इस्पितळात किती दाखल झाले, हजारी किती मेले, कोणत्या रोगाने मेले, असे तक्ते त्यात असत. हिंदुस्थान सरकारच्या सॅनिटरी कमिशनरच्या अहवालात गोरी फौज, देशी फौज आणि तुरुंग यांचे आकडे एकाच बाडात सापडतात. खेड्यातल्या माणसाचा मृत्यू त्या काळी गावकामगाराने सांगितलेल्या कारणावर लागायचा, ते कारण बहुतेक वेळा 'ताप' एवढंच. जेलमधला माणूस मात्र सकाळ-संध्याकाळ मोजला जाई, मेल्यावर बऱ्याचदा फाडूनही पाहिला जाई. त्यामुळे हिंदुस्थानातल्या रोगराईविषयीची बरीच भरवशाची आकडेवारी या कैद्यांवरून तयार झाली. त्याचं श्रेय त्यांना कोणी दिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला सुटून आलेल्या राजकीय कैद्यांच्या आठवणी आहेत, बंगाली, मराठी, पंजाबी. अहवालात माणूस दिसत नाही आणि आठवणींत आकडा दिसत नाही. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि गेटपासून कैद्याच्या मागोमाग जायचं, असं ठरवलं. त्या खुर्चीवर बसून आलेलो असल्यामुळे दोन्हीकडे काय गाळलंय ते थोडंफार ओळखू येतं.

पहिला मुक्काम मुलाहिज्याचा. नवा कैदी आला की झडती, मग डॉक्टरची तपासणी. प्रकृती कशी आहे, अंगावर जखमा किंवा खुणा कोणत्या, आणि सक्तमजुरीची शिक्षा असेल तर कोणत्या प्रतीच्या कामाला हा लायक, एवढं लिहायचं. हे 'कोणत्या प्रतीच्या कामाला' फार महत्त्वाचं. न्यायाधीश नुसती सक्तमजुरी सांगतो. सख्त काम, मध्यम की हलकं, हे डॉक्टरच्या लेखणीवर. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये सख्त काम म्हणजे कोलू, तेलाचा घाणा. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढून घ्यायचं, म्हणजे आजच्या मापाने साडेतेरा किलोच्या वर. नाहीतर नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायचा. कलकत्त्याहून किंवा मद्रासहून जहाजाच्या तळाशी बसून आलेला, ओकून ओकून निर्जल झालेला माणूस डॉक्टरपुढे उभा राही आणि 'लायक' ठरे. मला ही तपासणी माहीत आहे. दिवेलागणीला पोलिसांची गाडी येते, बंदी, म्हणजे बराकींना कुलूप, व्हायच्या आत सगळ्यांना आत घ्यायचं असतं, जेलर घड्याळ बघत असतो. छातीला स्टेथोस्कोप लावून होतो न होतो तोच पुढचा उभा. पण मी लिहिलेल्या शब्दावर कोणी कोलूला जुंपला जात नव्हता. तेव्हाचा डॉक्टर तेवढ्याच घाईत तो शब्द लिहीत असणार, हे वाचताना सारखं मनात येत होतं.

आता हा माणूस आत गेला आणि आजारी पडला. कायद्याचं कलम ३७ सांगतं की ज्याला डॉक्टरी मदत हवी आहे, किंवा जो शरीराने वा मनाने बरा दिसत नाही, त्याचं नाव त्याच्यावर नेमलेल्या माणसाने विनाविलंब जेलरला कळवावं. जेलरने विनाविलंब ते डॉक्टरच्या हाताखालच्या कर्मचाऱ्याच्या कानावर घालावं. तो कर्मचारी म्हणजे त्या काळचा हॉस्पिटल असिस्टंट. डॉक्टर त्याच्याही वर. म्हणजे पोटात कळ आलेला माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये तीन माणसं, आणि त्यातली पहिली दोन वैद्यकातली नाहीत.

कलमातला 'विनाविलंब' प्रामाणिक असेलही. पण अंदमानात 'नेमलेला माणूस' कोण असायचा? तोही कैदीच. जुन्या जन्मठेपवाल्यांतून वॉर्डर, टिंडाल, जमादार, पेटी अफसर नेमले जात. आपल्या हाताखालच्या टोळीकडून तेलाचं माप पुरं करून घेणं हे त्यांचं काम, आणि माप कमी भरलं तर बोलणी त्यांनाच. अशा माणसाला जाऊन 'माझं डोकं दुखतंय' सांगायचं. तो जेलरला सांगणार, आणि तिथला जेलर डेव्हिड बारी. आठवणी लिहिणाऱ्या बहुतेकांनी एक गोष्ट लिहिली आहे: कोण आजारी आणि कोण ढोंगी याचा निकाल डॉक्टरपर्यंत जायच्या आधीच लागलेला असे.

आजाराचं ढोंग करणं हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा. तुरुंगातल्या गुन्ह्यांच्या यादीत तो हाणामारीच्याच रांगेत आहे. 'मी आजारी आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्यामुळे एक जोखीम उचललेली असे. ठरला तर रोगी, नाहीतर गुन्हेगार. मध्ये जागा नाही. बाहेरच्या दवाखान्यात डॉक्टर विचारतो, काय होतंय? जेलच्या दवाखान्यात तो आधी मनात विचारतो, खरंच होतंय का? हा प्रश्न मलाही सुटला नाही. आणि तो अगदीच बिनबुडाचा असतो असंही नाही. बिब्याचं तेल लावून आणलेली जखम मी पाहिली आहे. काळपट डाग, त्यावर बारीक फोड, कडा अगदी ठळक, आणि ज्या हाताने लावलं त्या बोटांच्या टोकांनाही तोच काळेपणा. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत बिबा आहे, डोळे आणवायला गुंज आहे, जुलाबाला जमालगोटा आहे. तेव्हाचे डॉक्टर हे सगळं शिकूनच येत. फक्त, स्वतःच्या कातडीला बिबा लावण्यापर्यंत माणूस कशाने येतो, हा प्रश्न त्या पुस्तकांत नाही. त्याचं उत्तर कोलूच्या दांड्यापाशी होतं.

मग खरं-खोटं ठरवायचं कशावर? थर्मामीटरवर. काच, पारा आणि आकडा. त्याला कैद्याच्या शब्दाची गरज नाही. ताप दिसला तर आजारी, जुलाब डोळ्यांनी दिसले तर आजारी. बाकी कामावर चल.

डॉक्टर म्हणून इथे मी बराच वेळ थांबलो. सकाळच्या थर्मामीटरने त्या काळचे कोणते रोग निसटत असतील, याची मनातल्या मनात यादी करत बसलो. पहिला क्षय. सुरुवातीच्या क्षयात सकाळी अंग थंडगार असतं आणि संध्याकाळी बारीक कणकण येते. रात्री घाम फुटतो. आजाऱ्यांची परेड सकाळची. संध्याकाळी कोठडीला कुलूप लागल्यावर अंग तापलं तर ते कोणाला कळणार? दुसरा हिवताप. एक दिवसाआड येणाऱ्या तापात पाळीच्या मधल्या दिवशी माणूस उठून बसतो, जेवतो. त्या दिवशी तपासला तर ठणठणीत. अंदमान तर मलेरियाचं आगर. डासामुळे हा रोग होतो हे रोनाल्ड रॉसने १८९७-९८ मध्ये सिद्ध केलं होतं, क्विनीन हाताशी होतं, तेव्हा औषध नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. तिसरी अर्धशिशी. तिला ना ताप, ना सूज, ना जखम. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकरांना अंदमानात अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. अर्धशिशीचा माणूस अंधारात डोळे मिटून पडू पाहतो. उजेड, आवाज, हालचाल काही सोसत नाही. तशा डोक्याने कोलूभोवती गोल गोल फिरायचं. पुढे त्यांना क्षयाने गाठलं. १९२१ मध्ये दोघा भावांना अंदमानातून परत आणलं आणि १९२२ मध्ये बाबारावांची सुटका झाली तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं हे खरं. पण विश्रांती, उघडी हवा आणि दूध ही त्या काळची मान्य चिकित्सा होती, आणि साडेतेरा फूट बाय साडेसात फुटांच्या कोठडीत यातलं काय मिळणार?

रोगांच्या तक्त्यांत मात्र सगळ्यात जड रकाना आमांश-अतिसाराचा. पाठोपाठ फुप्फुसदाह, क्षय, मलेरिया. आमांश जेलमध्ये का ठाण मांडून बसतो ते समजायला फार अक्कल लागत नाही: एकत्र स्वयंपाक, एकत्र पाणी, उघडे संडास, माश्या. सेल्युलर जेलमध्ये याच्यावर आणखी एक क्रूर नियम होता. शौचाला ठरलेल्या वेळीच बाहेर काढायचं. रात्री कोठडीत एक मातीचं मडकं. आमांशाच्या रोग्याला तासातासाला जावं लागतं. त्याने काय करायचं? भिंतीच्या कोपऱ्यात केलं तर कोठडी घाण केल्याची शिक्षा. आठवणींत हा प्रसंग कोणी ओशाळून लिहितो, कोणी चिडून, पण तो टाळत कोणीच नाही.

औषध म्हणाल तर इपेकॅक नावाच्या मुळीची पूड, अफू घातलेली डोव्हरची पावडर, एरंडेल, आणि मोठ्या बाटल्यांत भरून ठेवलेली मिक्स्चरं. तापाचं एक, पोटाचं एक, खोकल्याचं एक. इपेकॅकने आमांश थांबतो पण ओकाऱ्या सुरू होतात. अर्धपोटी माणसाला ते औषध देणं म्हणजे परीक्षाच. १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने त्याच मुळीतलं एमेटीन सुईने द्यायची पद्धत आणली आणि अमीबाच्या आमांशात फरक पडला. रॉजर्स इंडियन मेडिकल सर्व्हिसचा, म्हणजे ज्या सेवेतून जेलचे सुपरिंटेंडेंट येत त्याच सेवेतला. बंगालच्या तुरुंगांतल्या आहारावर डी. मॅके यांनी १९१० मध्ये केलेला अभ्यासही याच सेवेतला. कैद्याला किती डाळ, किती भात, त्यातलं अंगी किती लागतं, हे त्यांनी मोजून पाहिलं. कैद्याच्या ताटाचा इतका बारीक हिशेब घराघरातल्या ताटाचा कोणी केला नव्हता. विज्ञान म्हणून काम चोख आहे. वाचताना मला ते आवडलं, आणि आवडलं याचं थोडं अवघडही वाटलं.

प्लेगच्या लशीचीही गोष्ट अशीच. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला लस टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या 'स्वखुशीने' पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली आणि न टोचलेल्यांशी तुलना केली. एकाच छपराखाली, एकाच अन्नावर राहणारी माणसं. अशी सोय बाहेर कुठे मिळणार? टोचलेल्यांना फायदा झाला हेही खरं. पण गजाआडची स्वखुशी किती खुशीची असते, हे मी नोकरीत पुरेसं पाहिलंय.

आता इस्पितळ. प्रत्येक तुरुंगात आजाऱ्यांसाठी इस्पितळ किंवा योग्य जागा असावी असं कायदा म्हणतो. कैद्याला इस्पितळ हवं असे ते औषधासाठी कमी आणि दुधासाठी जास्त. इस्पितळाच्या आहारात दूध, साबुदाणा, मऊ भात. बाहेर कांजी. म्हणून इस्पितळात पडून राहणाऱ्याकडे सगळ्यांचाच डोळा, आणि डॉक्टरवर खाटा लवकर रिकाम्या करण्याचा दाब. मला हा दाब नवा नाही. आमच्याकडेही 'दवाखान्याचं जेवण' हा चलनी शब्द होता, आणि त्यासाठी शिफारशी यायच्या.

सगळ्यात जास्त वेळ मी अडकलो तो सुपरिंटेंडेंटच्या दुहेरी टोपीवर. बऱ्याच प्रांतांत जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हाच जिल्हा जेलचा सुपरिंटेंडेंट असे, आणि मध्यवर्ती तुरुंगांवर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी. म्हणजे शिक्षा देणारा आणि नाडी बघणारा एकच. सरकारचा हिशेब सोपा होता, एका पगारात दोन कामं. शिवाय कैदी मेले तर नाव डॉक्टरचंच खराब होणार, म्हणून तो स्वच्छता ठेवील, असाही विचार त्यामागे होता; आणि तो अगदी चुकला असंही म्हणता येत नाही. पण कायद्याचं कलम ५० बघा. शिक्षेचा आहार म्हणजे कांजीवर ठेवायचं असेल किंवा फटके मारायचे असतील, तर आधी डॉक्टरने तपासून 'लायक' असा शेरा कलम १२ मध्ये सांगितलेल्या शिक्षावहीच्या त्यासाठीच्या रकान्यात लिहायचा. कांजी सलग छप्पन्न-साठ तास नाही, शहाण्णव तासांपर्यंत. फटके जास्तीत जास्त तीस, वेत अर्ध्या इंचापेक्षा बारीक चालणार नाही, आणि मारताना डॉक्टरने समोर उभं राहायचं. माझ्या काळात फटके नव्हते, त्यामुळे त्या रकान्यात काही लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नाही. पण ज्याने सकाळी शिक्षा ठोठावली त्यानेच दुपारी स्टेथोस्कोप लावून 'सोसेल' म्हणायचं, हे मी कितीही वेळा वाचलं तरी पचत नाही.

१९१२ हे वर्ष सेल्युलर जेलमध्ये या सगळ्याचं फळ घेऊन आलं. इंदुभूषण रॉय नावाचा बंगाली तरुण राजकीय कैदी घायपाताचे वाख काढण्याच्या कामावर होता. घायपाताच्या चिकाने हात भाजल्यासारखे होतात, कातडी सोलते, खाज थांबत नाही. काम बदलून द्या असं तो सांगत राहिला, असं त्याच्या सोबत्यांनी लिहिलंय. एप्रिलमध्ये त्याने कोठडीत कपड्याच्या चिंध्यांचा दोर करून गळफास घेतला. डॉक्टर म्हणून मला यात सगळ्यात खुपतं ते कलम ३५. डॉक्टरच्या मते एखाद्या कामाने कैद्याची प्रकृती बिघडत असेल तर त्या कामावर त्याला ठेवायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. एक ओळ लिहिली असती तरी काम बदललं असतं.

त्याच वर्षी उल्हासकर दत्त. अलीपूर कटातला, हसतमुख म्हणून सगळ्यांना माहीत असलेला. काम नाकारलं म्हणून त्याला कोठडीत उभी हातकडी ठोकली, म्हणजे हात वर भिंतीला अडकवून उभं ठेवलं. अंगात जबर ताप चढला, शुद्ध हरपली, भास होऊ लागले. शुद्धीवर आणण्यासाठी आपल्याला विजेची बॅटरी लावली, असं त्याने पुढे स्वतः लिहिलं. तिथून वेड्यांच्या इस्पितळात आणि मग मद्रासच्या. कलम ३७ मध्ये 'शरीराने वा मनाने' असे दोन्ही शब्द आहेत हे मी वर सांगितलं. मनाच्या आजाराला मात्र थर्मामीटरही नाही. अशा वेळी जेलच्या डॉक्टरकडे एकच साधन उरतं, रोजच्या रोज जाऊन त्या माणसाशी चार वाक्यं बोलणं. आणि उभ्या हातकडीतल्या माणसाशी कोण काय बोलणार?

अन्नत्याग करणाऱ्यांना नळीने दूध घालण्याचं कामही डॉक्टरकडेच आलं. रबरी नळी नाकातून घशात, घशातून अन्ननलिकेत. बेशुद्ध किंवा राजी असलेल्या रोग्यात हे सोपं आहे. विद्यार्थी असताना पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण चार जणांनी दाबून धरलेला, मान झटकणारा, ओरडणारा माणूस असेल तर श्वासनलिकेचं दार उघडंच असतं. नळी तिकडे गेली आणि वरून दूध ओतलं, की ते थेट फुप्फुसात. याला उपाय एकच, थांबणं. १९१२ मध्ये ननीगोपाल मुखर्जीवर हा प्रयोग झाला, पण तो जगला. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा असे तिघं गेले.

सगळ्यांच्या वाट्याला हेच आलं असंही नाही. टिळकांना मंडालेला मधुमेह होता. इन्शुलिन यायला अजून दहा वर्षं होती, औषध म्हणजे पथ्य. ते सातूच्या पिठावर राहिले, स्वयंपाकाला एक कैदी मिळाला, आणि सहा वर्षं काढून १९१४ मध्ये परत आले. गांधीजींचं येरवड्यात १९२४ च्या जानेवारीत आंत्रपुच्छ बिघडलं. त्यांना ससूनला हलवलं, कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, मध्येच वीज गेली तेव्हा कंदिलाच्या उजेडात पुरी केली, आणि महिनाभरात सरकारने सोडूनही दिलं. आंत्रपुच्छाच्या दुखण्यात सुरुवातीला ताप फारसा नसतो, हे कोणत्याही सर्जनला विचारा. त्याच येरवड्यात त्याच रात्री एखाद्या दरोड्याच्या कैद्याचं पोट उजव्या बाजूला दुखत असतं तर पेटीतलं पोटाचं मिक्स्चर मिळालं असतं, असं मी म्हणालो तर ते कुजकं बोलणं नाही, अनुभवाचं आहे.

मध्यंतरी पोर्ट ब्लेअरला जाऊन आलो. जेलच्या सातांपैकी तीनच पाकळ्या उरल्यात. पाडलेल्या भागाच्या जागेवर १९६३ पासून मोठं सरकारी इस्पितळ चालू आहे. कोठड्या पाहून बाहेर पडल्यावर मी त्या इस्पितळाच्या बाजूने चक्कर मारली. बाह्यरुग्ण विभागापुढे नेहमीची गर्दी, केसपेपरची रांग. गाईडने हे दाखवलं नाही. पर्यटक तोवर ध्वनिप्रकाशाच्या तिकिटांना लागलेले असतात.

शेवटचा मुक्काम मृत्यूच्या नोंदवहीचा, कलम १५. कैदी मेला की डॉक्टरने ताबडतोब नऊ गोष्टी लिहायच्या. आजाराची पहिली तक्रार केली तो दिवस. त्या दिवशी तो कोणत्या कामावर होता. त्या दिवशी त्याचा आहार कोणत्या प्रतीचा होता. इस्पितळात दाखल केला तो दिवस. डॉक्टरला पहिल्यांदा कळवलं तो दिवस. रोग कोणता. मरण्यापूर्वी डॉक्टरने किंवा त्याच्या हाताखालच्याने शेवटचं केव्हा पाहिलं. केव्हा मेला. शवविच्छेदन केलं असल्यास काय दिसलं.

हा क्रम बघून मी थक्क झालो होतो, तेव्हाही आणि आताही. दुसरा आणि तिसरा रकाना रोगाच्या आधी आहे. काम आणि अन्न हेच कैद्याला मारू शकतात, हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. इस्पितळात दाखल केल्याची तारीख चौथ्यात आणि डॉक्टरला कळवल्याची पाचव्यात, म्हणजे रोगी खाटेवर येऊन पडला तरी डॉक्टरला पत्ता नसेल, हेही त्याने गृहीत धरलं होतं. पहिला रकाना आणि पाचवा रकाना यांत चार दिवसांचं अंतर असेल तर ते चार दिवस वॉर्डर, जेलर आणि थर्मामीटर यांच्यात गेलेले असतात. ते अंतर शोधायला वही लिहायला सांगणाऱ्याने जागा ठेवली होती. १९१९-२० च्या तुरुंग समितीने अंदमान पाहून कैद्यांना सरसकट काळ्या पाण्यावर पाठवणं थांबवा असं सुचवलं. पण नऊ रकाने कोणी बदलले नाहीत, आणि ते तसेच माझ्यापर्यंत आले.

एका जिल्हा कारागृहात असताना पहाटे एक म्हातारा कैदी दगावला. दहाच्या सुमारास वही पुढे ठेवून कारकून विचारू लागला, "साहेब, पहिला, चौथा आणि पाचवा, तिन्हीत कालचीच तारीख टाकू ना? नेहमी तशीच असते."

म्हटलं, "थांब जरा. आधी त्याच्या बराकीतल्या दोघांना बोलाव, आणि रात्रपाळीच्या शिपायाला. तो घरी गेला असेल तर घरून आणा."